बारावीनंतरचा प्रवेश आणि ग्रामकार्यकर्त्याचे साह्य

गावात किंवा गावाजवळ माध्यमिक शाळा असणे ही गोष्ट आता नवलाईची राहिलेली नाही. शेतकऱ्यांची मुले व मुली दरवर्षी मोठ्या संख्येने बारावी उत्तीर्ण होतात आणि त्यांतील काहींचे गुण शहरातील विद्यार्थ्यांच्या बरोबरीचे असतात. असे असूनही निकाल लागल्यापासून महाविद्यालयाच्या वर्गात पाऊल पडेपर्यंत जो काळ जातो, त्या काळात अनेक होतकरू विद्यार्थ्यांची वाट खुंटते. गुण कमी पडले हेच त्याचे कारण असते असे नाही. एखादा दाखला वेळेवर निघत नाही, अर्जाची अखेरची तारीख उलटून जाते, महाविद्यालयांचा पसंतीक्रम चुकीचा लागतो, किंवा खर्च झेपणार नाही अशा समजुतीने अर्जच केला जात नाही. बियाणे उत्तम असले तरी वाफसा साधला नाही तर पेरणी फुकट जाते, तसाच हा प्रकार आहे.

शहरातील विद्यार्थ्याच्या घरी किंवा शेजारी ह्या वाटेने गेलेले कोणीतरी असते. ज्या शेतकरी कुटुंबातील मूल प्रथमच महाविद्यालयात जाऊ पाहते, त्या कुटुंबाला हा आधार नसतो. हा आधार देण्याचे काम गावातील शिक्षक, ग्रामपंचायतीचा कार्यकर्ता, शेतीखात्याचा गावपातळीवरील कर्मचारी किंवा गावातून पूर्वी शिकून गेलेला तरुण ह्यांपैकी कोणीही करू शकतो. त्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. नियम वाचण्याची सवय, तारखा लक्षात ठेवण्याची दक्षता आणि वर्षभर पाठपुरावा करण्याची चिकाटी एवढे भांडवल पुरेसे असते.

कामाची सुरुवात अकरावीपासून

प्रवेशाचे काम बारावीच्या निकालानंतर सुरू होते, हा पहिला गैरसमज होय. खरी सुरुवात अकरावीत विषय निवडताना होते. अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय लागतात. कृषी पदवीचा प्रवेश गणित गट किंवा जीवशास्त्र गट ह्यांपैकी कोणत्याही गटातून होऊ शकतो. पशुवैद्यकीय पदवीसाठी मात्र जीवशास्त्र अनिवार्य असून त्या प्रवेशाकरिता ‘नीट’ ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. ज्याला गुरांचा डॉक्टर व्हावयाचे आहे अशा मुलाने अकरावीत जीवशास्त्र सोडले, तर पुढे कितीही गुण मिळवून त्याचा उपयोग होत नाही.

महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीचे विद्यापीठ १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली आणि परभणी व दापोली येथील विद्यापीठे १९७२ साली स्थापन झाली. त्यांच्या कक्षेत कृषी शाखेखेरीज उद्यानविद्या, वनविद्या, अन्न तंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, जैवतंत्रज्ञान असे अभ्यासक्रमही चालतात. पुष्कळ पालकांना ह्यांपैकी एखाद-दुसरेच नाव ठाऊक असते. मार्गदर्शकाने सर्व नावे विद्यार्थ्यासमोर ठेवावीत आणि प्रत्येक अभ्यासक्रमात काय शिकवले जाते ते समजावून सांगावे.

प्रत्येकाने पदवीच घ्यावी असेही नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील पदविका घेतलेल्या विद्यार्थ्यास पुढे अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळण्याची सोय आहे. ज्याचा हात यंत्रावर चालतो, त्याच्यासाठी ती वाट अधिक सोयीची ठरते.

दाखल्यांची तयारी

प्रवेशात सर्वांत अधिक अडचणी दाखल्यांमुळे येतात. अर्ज भरण्याची मुदत काही दिवसांची असते. दाखला निघण्यास मात्र कित्येक आठवडे, तर काही वेळा महिने लागतात. म्हणून पुढील कागदांची तयारी आधीपासून करणे अगत्याचे आहे.

१. दहावी व बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला.

२. राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र.

३. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र.

४. विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्ग ह्यांसाठी नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र. ते चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असले पाहिजे.

५. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील विद्यार्थ्यांसाठी त्या घटकाचे प्रमाणपत्र.

६. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. तो आर्थिक वर्षाशी बांधलेला असतो, म्हणून १ एप्रिलनंतर नवा काढावा.

७. शेतजमिनीचा सातबारा व आठ-अ उतारा, आणि लागू असल्यास अल्पभूधारक असल्याचा दाखला. कृषी शाखेच्या प्रवेशात शेतकऱ्याच्या पाल्यास अधिभार मिळतो किंवा कसे, व त्यासाठी कोणता नमुना लागतो, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

८. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते.

ह्या यादीत जात वैधता प्रमाणपत्र सर्वांत जास्त वेळ घेते. जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यासारखा सक्षम अधिकारी देतो. त्या दाखल्याची पडताळणी करून वैधता देण्याचे काम जिल्हास्तरीय समिती करते. अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र तपासणी समित्या आहेत. समितीपुढे वडिलांकडील नात्यातील जुने पुरावे ठेवावे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ह्या तारखांपूर्वीच्या नोंदी महत्त्वाच्या मानल्या जातात.

ह्या नोंदी बहुधा गावातच सापडतात. आजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधील उतारा, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल, जुने खरेदीखत किंवा महसुली नोंद ह्यांचा शोध घ्यावा. चुलत्याला, आत्याला किंवा सख्ख्या भावंडाला वैधता मिळाली असल्यास तिची प्रत फार उपयोगी पडते. हा शोध घेताना गावातील वडीलधाऱ्या माणसांची आठवण कामी येते. कोण कोणत्या शाळेत होते हे तेच सांगू शकतात. असे काम निकालानंतरच्या धावपळीत होत नाही. अकरावीतच पुरावे गोळा करून बारावीच्या आरंभी कनिष्ठ महाविद्यालयामार्फत समितीकडे अर्ज करावा आणि त्याची पावती जपून ठेवावी. ठरलेल्या मुदतीत वैधता सादर न झाल्यास विद्यार्थी खुल्या प्रवर्गात गणला जातो, आणि हाती आलेली जागा निसटते.

नावातील तफावत ही दुसरी अडचण होय. गुणपत्रिकेत एक नाव, आधारपत्रात दुसरे व जातीच्या दाखल्यात तिसरे, असे अनेकदा आढळते. शाळेच्या नोंदीतील चूक विद्यार्थी शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्यावर ते काम कठीण होते. सर्व कागद एका ओळीत मांडून नाव, वडिलांचे नाव, आडनाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का, हे मार्गदर्शकाने स्वतः ताडून पाहावे.

दाखल्यांसाठी ‘आपले सरकार’ सेवा केंद्रातून अर्ज करता येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे आणि त्या मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करण्याचा हक्क नागरिकास आहे. त्यासाठी अर्जाची पावती हाती असावी लागते. पावतीशिवाय केंद्रातून परत येऊ नये.

सामाईक प्रवेश परीक्षा

अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, कृषी इत्यादी अभ्यासक्रमांसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ‘एमएचटी-सीईटी’ ही परीक्षा घेतो. तिचे अर्ज बारावीच्या वर्षी साधारणतः डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुरू होतात. म्हणजे बारावीची लेखी परीक्षा होण्यापूर्वीच. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे ‘आधी निकाल लागू द्या, मग पाहू’ असे म्हणणारे पालक पुष्कळ असतात. निकाल लागेपर्यंत सामाईक परीक्षा होऊन गेलेली असते.

ही परीक्षा संगणकावर होते. गणित गटात भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ५० प्रश्न एकेका गुणाचे व गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे असतात. जीवशास्त्र गटात गणिताऐवजी जीवशास्त्राचे १०० प्रश्न एकेका गुणाचे असतात. दोन्ही गटांत एकूण गुण २०० होतात. सुमारे २० टक्के भाग अकरावीच्या व ८० टक्के भाग बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. ज्या मुलाने संगणकाला कधी हात लावलेला नाही, त्याला शाळेतील किंवा ग्रामपंचायतीतील संगणकावर चार-सहा वेळा सराव मिळवून देणे हे मार्गदर्शकाचे मोठे साह्य ठरेल.

अर्ज स्वतःच्या हाती ठेवावा

पुष्कळ विद्यार्थी तालुक्याच्या गावी एखाद्या संगणक केंद्रात जाऊन अर्ज भरून घेतात. त्यात गैर काही नाही. परंतु केंद्रचालक स्वतःचाच मोबाइल क्रमांक व परवलीचा शब्द अर्जात घालतो, असे घडते. पुढील सर्व सूचना त्या क्रमांकावर जातात आणि विद्यार्थ्यास काहीच कळत नाही. म्हणून अर्जात घरातील, कायम चालू राहणारा क्रमांक द्यावा. अर्ज क्रमांक व परवलीचा शब्द वहीत लिहून ठेवावा. अर्ज कायम करण्यापूर्वी त्याची छापील प्रत घरी आणून मार्गदर्शकासमवेत एकदा वाचावी. प्रवर्ग, उत्पन्न, गुण व विद्यापीठ क्षेत्र ह्या नोंदींत झालेली लहानशी चूक गुणवत्ता यादीतील स्थान बदलून टाकते. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर तक्रार नोंदविण्यासाठी मुदत दिलेली असते. त्या मुदतीत चूक दाखवून दिली तरच तिची दुरुस्ती होऊ शकते.

पसंतीक्रम कसा लावावा

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत विद्यार्थ्याने महाविद्यालये व अभ्यासक्रम ह्यांची यादी आपल्या पसंतीच्या क्रमाने द्यावयाची असते. सर्वांत अधिक चुका येथेच होतात. म्हणून ह्या यादीवरून जागा कशी वाटली जाते, ते नीट समजून घेतले पाहिजे.

संगणक गुणवत्ता यादीतील पहिल्या विद्यार्थ्यापासून आरंभ करतो. प्रत्येकाची पाळी आली की त्याच्या यादीतील पहिली पसंती शिल्लक आहे काय, हे पाहतो. नसेल तर दुसरी, मग तिसरी. त्याच्या प्रवर्गासाठी जी जागा प्रथम शिल्लक सापडते ती त्याला मिळते. ह्याचा अर्थ असा की, कठीण वाटणारे महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या महाविद्यालयावरील हक्क कमी होत नाही. वरची जागा मिळाली नाही तर संगणक खालच्या जागेकडे वळतोच.

उदाहरणार्थ, समजा एका विद्यार्थिनीला दूरचे शासकीय कृषी महाविद्यालय मनापासून हवे आहे, त्याखालोखाल जिल्ह्यातील शासकीय महाविद्यालय आणि शेवटी जवळचे खाजगी महाविद्यालय. ‘पहिले मिळणार नाही, मग लिहावे कशाला’ असा विचार करून तिने जवळचे खाजगी महाविद्यालय पहिले लिहिले, तर तिचे गुण शासकीय जागेस पुरेसे असूनही संगणक तिला खाजगी जागाच देईल. कारण तिने तीच पहिली मागितली. शिवाय पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारणे बंधनकारक असते आणि पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. चूक लक्षात येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

म्हणून तीन नियम पाळावेत. जे खरोखर सर्वांत अधिक हवे, तेच वर लिहावे. जेथे शिकण्याची तयारी नाही, ते नाव यादीत घालूच नये. आणि यादी आखूड ठेवू नये. शेवटी दोन-चार खात्रीच्या जागा असू द्याव्यात. मागील वर्षी कोणत्या महाविद्यालयाची यादी कोठे थांबली, ह्याची माहिती खात्रीच्या जागा ओळखण्यास उपयोगी आहे; मनातील क्रम उलटा करण्यास नव्हे. कोणत्या फेरीत किती पसंतीपर्यंतची जागा बंधनकारक होते, हा नियम वेळोवेळी बदलतो. तो त्याच वर्षीच्या पुस्तिकेतून वाचावा, गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नये.

खर्चाचा प्रश्न

कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले. गरिबाच्या मुलाला केवळ शाळा पुरत नाही, राहण्या-जेवण्याची सोयही लागते, हे त्यांनी ओळखले होते. आजही खर्चाचा हिशेब करताना शुल्काबरोबर निवासाचा विचार केला पाहिजे.

शुल्कासाठी पुढील योजना आहेत. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील कुटुंबांच्या पाल्यांना शुल्काचा निम्मा भाग मिळतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ आहे. अनुसूचित जाती व जमातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे.

निवासासाठी अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर ह्यांच्या पाल्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना लागू आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आणि अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयं योजना आहे. ह्यांपैकी बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी ह्या शासकीय संकेतस्थळावर करावे लागतात. प्रवेश मिळाला म्हणजे शिष्यवृत्ती आपोआप मिळते, असे नाही. अर्ज वेगळा असतो आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते.

एवढे करूनही कमी पडल्यास बँकेचे शैक्षणिक कर्ज घेता येते. सावकाराकडे जाण्यापूर्वी किंवा जमीन विकण्यापूर्वी ह्या सर्व मार्गांचा विचार झाला पाहिजे. मार्गदर्शकाने एका कागदावर चार वर्षांचा शुल्क, भोजन, निवास, पुस्तके व प्रवास ह्यांचा खर्च एका बाजूस आणि मिळणारे साह्य दुसऱ्या बाजूस मांडून पालकास दाखवावे. डोंगराएवढा वाटणारा खर्च कागदावर उतरला की पुष्कळदा आटोक्यात येतो. आणि खरोखरच झेपणारा नसेल, तर तेही वेळेवर कळते.

मुलीच्या शिक्षणाविषयी

मुलीला दूर पाठविण्यास पालक कचरतात, ह्यामागे केवळ रूढी नसते. राहण्याची काळजीही असते. अशा वेळी उपदेशापेक्षा माहिती अधिक उपयोगी पडते. वसतिगृह महाविद्यालयाच्या आवारात आहे काय, तेथे मुलींसाठी स्वतंत्र व्यवस्था कशी आहे, गावातील किंवा तालुक्यातील कोणी मुलगी तेथे शिकते काय, ह्याची चौकशी मार्गदर्शकाने करावी. शक्य असेल तर आई-वडिलांना एकदा महाविद्यालय दाखवून आणावे. आईने वसतिगृह स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की घरातील बोलण्याचा सूर बदलतो.

मार्गदर्शकाची मर्यादा

मार्गदर्शकाने वाट दाखवावी. वाट निवडण्याचे काम विद्यार्थ्याचे आहे. आपल्याला जी शाखा मोठी वाटते ती विद्यार्थ्यावर लादू नये. अर्जात खोटी माहिती भरण्यास कधीही संमती देऊ नये. खोट्या दाखल्यावर मिळालेला प्रवेश रद्द होतो आणि शिक्षाही होऊ शकते. पैसे घेऊन जागा मिळवून देण्याचे आश्वासन देणाऱ्यापासून कुटुंबास सावध करावे. मूळ कागदपत्रे स्वतःजवळ ठेवू नयेत. ती विद्यार्थ्याच्या घरीच, एका पिशवीत, प्रतींच्या दोन-तीन संचांसह असावीत. आणि एखाद्यास प्रवेश मिळाला नाही तर त्याची साथ सोडू नये. पुढील फेरी, दुसरा अभ्यासक्रम, पदविका किंवा पुढील वर्षीची परीक्षा ह्यांपैकी काही ना काही वाट उरलेली असते. ती शांतपणे शोधावी.

गावाने काय करावे

हे काम एका व्यक्तीवर न सोडता गावाने वाटून घेतले तर अधिक चांगले होते. दिवाळीच्या सुटीत शिकून गेलेले तरुण गावी येतात. त्या वेळी ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात अकरावी-बारावीचे विद्यार्थी व त्यांचे पालक ह्यांची एक बैठक घ्यावी. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे कोणते दाखले आहेत व कोणते नाहीत, ह्याची यादी करावी. मोठ्या अक्षरांत तारखांचा तक्ता फळ्यावर लावावा आणि कक्षाच्या सूचना निघतील तसा तो सुधारावा. प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक शिकलेला माणूस नेमून द्यावा.

शेतकरी पेरणीची तयारी पाऊस पडल्यावर करीत नाही. नांगरट, कुळवणी, बियाणे, खत ही कामे तो मृगाआधीच उरकतो. मग पाऊस आला की हाती आलेला वाफसा वाया जात नाही. मुलाच्या प्रवेशाचेही तसेच आहे. गुण मिळविणे हे विद्यार्थ्याचे काम. त्या गुणांना कागदाअभावी किंवा माहितीअभावी वाया जाऊ न देणे हे गावाचे काम होय. ह्या वर्षी बारावीत असलेल्या मुला-मुलींची नावे लिहून त्यांच्या दाखल्यांची चौकशी आजच सुरू केली, तर येत्या हंगामात त्याचे फळ दिसल्याशिवाय राहणार नाही.